पाण्याची एकेरी वाट : स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह कसा जुळवायचा?



डिसेंबर-जानेवारीत सेलू, देवळी किंवा आर्वीकडच्या रस्त्याने जाताना हरभऱ्याच्या वावरातून 'टिक-टिक-टिक-सर्रर्र' असा आवाज ऐकला असेलच. तो स्प्रिंकलरचा, म्हणजेच तुषार सिंचनाचा आवाज. गोल फिरणारं नोझल सगळ्यांना दिसतं. पण ते नीट फिरण्यासाठी विहिरीजवळ एक वस्तू गुपचूप काम करत असते. तिचं नाव व्हॉल्व्ह. आपण 'झडप' म्हणू. आपल्या हृदयातही चार झडपा असतात हे तुम्ही शिकणार आहात. काम तेच, रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणं.

आधी माझा गाढवपणा सांगतो. दोन वर्षांपूर्वी घरच्या हरभऱ्याचे घाटे भरत होते. संध्याकाळी मी विहिरीवरचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह उघडून साफ केला आणि परत बसवला. रात्री बाराला लाईन आली, मोटर सुरू केली, आवाज बरोबर, पण वावरात थेंब नाही. पंप तापू लागला. मला वाटलं, मोटरच गेली! दोन वाजता बॅटरीच्या उजेडात बाबांनी व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. त्यावरचा बाण विहिरीकडे होता. "मास्तर, पोरायले दिशा शिकवतं, अन् हा बाण कुठं चालला पाह्य ना!" त्या रात्री अर्धंच वावर भिजलं.

तेव्हापासून हा पाठ मी वर्गात घेतोच. ऑक्टोबर 1937 मध्ये आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याचा, नई तालीमचा विचार देशापुढे आला. वर्ध्याच्या पोरांना झडप फक्त चित्रात दाखवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

आता हा व्हॉल्व्ह हवा कशाला? आपल्याकडचा नेहमीचा पाइप 75 मिलिमीटरचा आणि 6 मीटर लांब असतो. आतला व्यास 7 सेंमी धरा. त्रिज्या 3.5 सेंमी, लांबी 600 सेंमी. वृत्तचितीचं सूत्र वापरून एका पाइपातलं पाणी काढा बरं. सुमारे 23 लिटर येतं ना? म्हणजे 30 पाइपांत जवळजवळ 700 लिटर! वावर विहिरीपेक्षा उंचावर असेल आणि अचानक लाईन गेली, तर पुढे धावणारं पाणी थांबतं आणि उलट मागे येऊ लागतं. त्याचा दणका पंपाला बसतो, पंखा उलटा फिरतो, कधी जोडही निसटतो. झडप तिथे दार लावून घेते.

व्हॉल्व्ह उघडला की आत काय दिसतं? बाहेरची पेटी, आत खिळीवर झुलणारी झडप, झडपेवरचा रबरी वायसर, वर झाकण आणि बोल्ट. झडप जिथे टेकते त्या गोल कडेला बैठक म्हणतात. बैठक आधी फडक्याने पुसा. वाळूचा एक कण राहिला तरी पाणी मागे झिरपतं. वायसरची गुळगुळीत बाजू बैठकीकडे हवी. खिळी घातल्यावर झडप बोटाने हलवून पाहा, कुठे अडकायला नको. मग झाकणाखाली गॅस्केट ठेवा आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी करकचून आवळली तर दुसरीकडून पिचकारी उडते.

जोडण्याआधीची परीक्षा मुलांना फार आवडते. स्वच्छ धुतलेला व्हॉल्व्ह आडवा, झाकण वर ठेवून धरा आणि बाणाच्या मागच्या बाजूने फुंका. हवा जाते. पुढच्या बाजूने फुंका. अडते. दोन्हीकडून गेली, तर वायसर किंवा बैठक परत बघा.

बसवताना बाण वावराकडे, झाकण आकाशाकडे. मग झडप स्वतःच्या वजनाने मिटते. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर पाइप फिरवताना ती सुटून गोळा होते. नॉन रिटर्नच्या पुढे, वावराच्या बाजूला, बॉल व्हॉल्व्ह म्हणजे कॉक लावतात. पुढे कधी झडप साफ करायची झाली की कॉक बंद करायचा, लाईनमधलं पाणी अंगावर येत नाही.

एक गंमत राहिलीच. पाइपाच्या जोडातली रबरी रिंगसुद्धा छोटी झडपच आहे! तिची उघडी खाच जोडाच्या आतल्या बाजूला हवी. दाब आला की खाचेत पाणी शिरतं, रिंगची ओठं फुगून पाइपाला चिकटतात. मोटर बंद झाली की ओठं सैल पडतात, पाणी गळून जातं आणि पाइप उचलायला हलका होतो. रिंग उलटी बसली की जोड गळतो, दाब पडतो. नोझलला साधारण 2 ते 2.5 किलोचा दाब लागतो. तो नसेल तर पाणी जवळच पडतं आणि 12 मीटरवरच्या दोन नोझलांमध्ये कोरडा पट्टा राहतो.

सुरुवातीला शेवटचं बूच काढून लाईनमधला गाळ जाऊ द्या. मग बूच लावा आणि कॉक हळूहळू उघडा. आणि हो, भर फुलोऱ्यात हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावत नाहीत, फुलं गळतात.

मुलांनो, हा प्रयोग सुट्या व्हॉल्व्हवर शाळेच्या अंगणात करायचा. विहिरीवर मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. स्टार्टरला ओल्या हाताने तर नाहीच नाही. मोठ्यांनीही मेन स्विच पाडूनच पाना हातात घ्यावा. रात्री लाईन कधी येईल, सांगता येत नाही.

हंगाम संपला की रिंगा काढून, धुऊन, झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदरांना त्या फार आवडतात.