उद्दिष्ट ठरवताना पालक कुठे असतात?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी किती शिकावे हे ठरवताना पालकांना कोणी विचारते का?

उत्तर : देशभराचे उद्दिष्ट केंद्र ठरवते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात. (घड्याळ लावले की काही मुले नुसतीच धावतात, समजले किती, ते वेगळे तपासावे लागते.)

शाळेपुरता मात्र पालकांचा शब्द कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा करण्याचे कामही याच समितीचे. खासगी अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्ल्यापुरती उरते.

कागदावर हे उत्तम. पण आराखडा मुख्याध्यापकांनी लिहायचा आणि पालकांनी सही करायची, एवढ्यावर भागवले तर त्याला विचारविनिमय म्हणता येत नाही.

पालकांनी पुढच्या बैठकीत निकालाच्या टक्केवारीवर समाधान मानू नये. जूनमध्ये किती मुले अडखळत वाचत होती, आज किती, हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.