‘पुढच्या वर्षी बघू!’ : ब्रुकलिनच्या बेसबॉलप्रेमींचे बोलणे

बेसबॉल हा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी मैदानावर पाहिला असेल. मीही तो ग्रंथालयातील पुस्तकांतूनच पाहिला आहे. तेव्हा त्याच्या तंत्राविषयी मी काही सांगू लागलो तर तो आगाऊपणा होईल. पण खेळाविषयी माणसे जे बोलतात तो विषय निराळा. पारावर बसून क्रिकेटवर तासन्‌तास बोलणारी माणसे आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्या बोलण्याला आपण ‘रिकामटेकड्यांच्या गप्पा’ म्हणून सोडून देतो. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन या भागातल्या लोकांच्या अशाच गप्पांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. त्या साली ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले. शहर गेले, पण त्याचे नाव लावणारा एक संघ राहिला. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॅमचे जाळे दाट असल्यामुळे तेथील लोकांना ‘ट्रॅम चुकवणारे’ असे थट्टेने म्हणत. त्यावरून संघाचे नाव पडले डॉजर्स, म्हणजे चुकवणारे. १९१३ साली उघडलेल्या एबेट्स फील्ड या लहानशा मैदानावर हा संघ खेळे.

अमेरिकेतील दोन प्रमुख लीगांच्या विजेत्यांमध्ये हंगामाच्या शेवटी जी मालिका होते तिला वर्ल्ड सिरीज म्हणतात. सातपैकी चार सामने जो जिंकेल तो विजेता. डॉजर्स १९१६, १९२०, १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या सातही वेळा तेथवर पोचले आणि सातही वेळा हरले. त्यांतले शेवटचे पाच पराभव त्याच न्यूयॉर्क शहरातल्या श्रीमंत यांकीज संघाकडून. यातूनच ‘पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य ब्रुकलिनमध्ये म्हणीसारखे रूढ झाले.

लोक आपल्या संघाला ‘बम्स’ म्हणत. बम म्हणजे भिकारडा, नालायक. विलर्ड मलिन या व्यंगचित्रकाराने फाटक्या कपड्यांतला एक दाढीवाला बम काढून तो शब्द घरोघर पोचवला. ही शिवी आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरातले बोलणे आठवावे. आई पोराला ‘मेल्या’ म्हणते ते चालते. शेजारणीने म्हटले तर भांडण होते. यांकीजच्या माणसाने डॉजर्सना बम म्हटलेले ब्रुकलिनला खपत नसे.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द वेगळे आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. पण ब्रुकलिनचा माणूस ‘आपला संघ’ म्हणे तेव्हा त्यात खेळाडूही असत आणि ऐकणाराही असे. हा ‘आपण’च होय, ‘आम्ही’ नव्हे.

पराभवांच्या कथा तर तोंडपाठ. १९४१ च्या चौथ्या सामन्यात डॉजर्स शेवटच्या डावात ४-३ असे पुढे होते. यांकीजचा शेवटचा फलंदाज टॉमी हेन्रिक चेंडू हुकला. सामना संपलाच होता. पण मागे उभ्या असलेल्या मिकी ओवेनच्या हातून चेंडू निसटला आणि हेन्रिक पहिल्या बेसवर पोचला. यांकीजनी तो सामना ७-४ असा जिंकला. १९५१ साली तर वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोचता आले नाही. ३ ऑक्टोबर रोजी जायंट्सच्या बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर होमरन मारला आणि हंगाम संपला. ब्रँकाच्या पाठीवर १३ हा आकडा होता, हे कोणीही विसरले नाही. पुढे पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, जायंट्सनी त्या हंगामात दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचे एका वृत्तपत्राने उघड केले, आणि जुने बोलणे पुन्हा नव्याने सुरू झाले.

परंतु या बोलण्यात केवळ दोष देणेच होते असे नाही. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये गिल हॉजेसला २१ वेळा फलंदाजीला येऊनही एकदाही चेंडू नीट मारता आला नाही. पुढच्या हंगामाच्या आरंभीही तेच. आपल्याकडे अशा वेळी खेळाडूच्या घरावर दगड पडल्याचे आपण वाचले आहे. ब्रुकलिनमध्ये लोकांनी त्याला पत्रे लिहिली, आणि एका पाद्र्याने उकाडा फार आहे म्हणून प्रवचन रद्द करून भाविकांना सांगितले की घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी सातव्या सामन्यात डॉजर्सनी यांकीजना २-० असे हरवून पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या दोन्ही धावा हॉजेसच्या फटक्यांवर आल्या होत्या.

जॅकी रॉबिन्सनचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी तो डॉजर्सतर्फे खेळला, तोवर साठ वर्षे मोठ्या लीगांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच्याबरोबर खेळायला त्याच्याच संघातील काहींचा विरोध होता. इतर शहरांत त्याला ज्या शिव्या मिळाल्या त्या ‘बम’सारख्या लाडाच्या नव्हत्या. ‘आपण’ या शब्दात कोण बसतो हा प्रश्न येथे थट्टेचा राहिला नाही. ज्यांच्या घरात कधी काळा पाहुणा जेवला नव्हता, अशा गोऱ्या घरांतील मुलेही ‘आपला रॉबिन्सन’ म्हणू लागली. एवढ्याने समाज बदलला असे मी म्हणत नाही. मैदानाबाहेर घर घेताना रॉबिन्सनला अडचणी आल्याच. तरी शब्द बदलला, हेही खोटे नाही.

आता कटू भाग. संघ ‘आपला’ होता, पण त्याची मालकी वॉल्टर ओमॅली यांची होती. त्यांना नवे मैदान हवे होते. ब्रुकलिनमधील हवी ती जागा शहराच्या अधिकाऱ्यांनी दिली नाही. लॉस एंजेलिसने देऊ केली. १९५७ च्या हंगामानंतर संघ निघून गेला. लोकांनी ओमॅलींना कधीच क्षमा केली नाही. मात्र २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर झालेल्या अखेरच्या सामन्याला अवघे ६,७०२ प्रेक्षक होते, ही गोष्ट त्या बोलण्यात सहसा येत नाही. प्रेम बोलण्यात जेवढे होते तेवढे तिकीटखिडकीवर नव्हते काय? मला याचे उत्तर सोपे वाटत नाही. जाणाऱ्याला निरोप द्यायला न जाणारी माणसे आपल्याकडेही असतात. १९६० मध्ये मैदान पाडले. पाडणारा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवला होता! तेथे आता राहण्याच्या इमारती आहेत.

या बोलण्याचे मोल मला एका उदाहरणावरून कळले. इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना सामन्याचा धावफलक वहीत टिपायला शिकवले. वडील कामावर जात. मुलगी दुपारी रेडिओ ऐकून टिपणे करी आणि संध्याकाळी त्यांना सगळा सामना सांगे. आपण सांगितले नाही तर वडिलांना काही कळणार नाही असे तिला वाटे, कारण दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ते सारे छापून येते हे त्यांनी तिला सांगितलेच नाही. गोष्ट कशी सांगावी हे आपण तेथे शिकलो, असे त्या म्हणतात. संघ गेल्यावर पुष्कळ वर्षांनी त्या बोस्टनच्या संघाच्या झाल्या. मुलांना घेऊन त्या तेथील मैदानावर जात, आणि त्यांना रॉबिन्सनच्या व हॉजेसच्या गोष्टी सांगत.