तीन अनोळखी रेषा

ताऱ्याचा तुकडा आणून केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टेस्ट ट्यूबमध्ये टाकता येत नाही. ही अडचण इतकी उघड होती, की १८३५ साली ऑग्युस्त कॉम्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने लिहूनच टाकलं : ताऱ्यांची अंतरं मोजता येतील, गती मोजता येईल, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही. कॉम्त १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, हायडेलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन (हो, तोच बर्नरवाला बुन्सेन) यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक मूलद्रव्य तापवलं की त्याच्या प्रकाशात ठरावीक जागीच तेजस्वी रेषा उमटतात. माणसाच्या बोटांचे ठसे असावेत तशा.

हे प्रकरण आपल्याला नवं नाही, मित्रांनो. पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये ग्रेटिंग, स्पेक्ट्रोमीटर आणि मर्क्युरी लॅम्प घेऊन आपण सगळे बसलो होतो. बहुतेकांनी रीडिंग्ज 'जुळवून' फाइल सबमिट केली असणार, तो भाग वेगळा! त्या काळ्या पडद्यामागे जे दिसतं, त्याच्याच जोरावर आज अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या वस्तूंचं रसायनशास्त्र लिहिलं जातं.

तत्त्व थोडक्यात असं. अणूमधल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेता येत नाही, त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरलेल्या पातळ्या असतात. वरून खाली उतरताना जितका फरक, तितक्या ऊर्जेचा, म्हणजे तेवढ्याच तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. उलट, मागून सगळ्या रंगांचा प्रकाश येत असेल आणि मध्ये थंड वायू असेल, तर तोच वायू नेमकी तीच तरंगलांबी गिळतो आणि वर्णपटात काळी रेष पडते. सूर्याच्या वर्णपटात अशा पाचशेहून जास्त काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ सालीच मोजून ठेवल्या होत्या. त्यांतली पिवळ्या भागातली 'डी' ही जोडरेष, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवरची, सोडियमची निघाली. न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगात डोळे दुखेपर्यंत पाहिलेला पिवळा प्रकाश तो हाच.

रूमवर करून बघायचं असेल तर एक जुनी सीडी पुरे. (सीडी आता कुणाकडे असणार? लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांच्या मागच्या खिशात अजून सापडतात.) तिच्या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं. ग्रेटिंगचं सूत्र लावलं, तर सरळ पडलेल्या प्रकाशातला सोडियमचा पिवळा रंग साधारण साडेएकवीस अंशांवर यायला हवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडा, आत सीडी तिरकी बसवा आणि फट ट्यूबलाइटकडे धरा. पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेष ठळक दिसेल. मग एलईडी बल्बकडे धरा, तिथे रेषा नाहीत, नुसता रंगांचा पट्टा. दोन्ही पांढरेच दिवे, पण अंतरंग वेगळं. (सूर्याकडे मात्र खोकं थेट रोखू नका, ढगाळ आकाशाचा उजेड पुरतो.)

आता मूळ मुद्द्याकडे. ओळखीच्या रेषा ओळखणं सोपं. पण यादीत नसलेली रेष दिसली तर? एकोणिसाव्या शतकात अशा तीन रेषांनी शास्त्रज्ञांना छळलं, आणि तिन्ही प्रकरणांत आपल्या भागाचा हात आहे.

पहिली पिवळी. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मछलीपट्टणला आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या आणि त्यांतली एक सोडियमच्या 'डी' रेषेच्या आसपास होती. सोडियमच असेल, असा पहिला अंदाज. जान्सेन यांच्या लक्षात आलं, की या रेषा इतक्या प्रखर आहेत की ग्रहण नसतानाही दिसाव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधलं. मापं घेतल्यावर पिवळी रेष ५८७.६ वर निघाली, म्हणजे सोडियमपासून दीड-दोन नॅनोमीटर बाजूला. प्रयोगशाळेतल्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. मग हे नवं मूलद्रव्य मानून त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं. रसायनशास्त्रज्ञ सत्तावीस वर्षं साशंक राहिले. १८९५ मध्ये रॅम्से यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्लाची प्रक्रिया केली, तर बाहेर पडलेल्या वायूत तीच रेष!

आपल्याकडे अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं, की लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून हेलियम शोधला. दंतकथा गोड आहे, पण त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तीस वर्षांचा हा घोटाळा दुरुस्त केल्याने किल्ल्याचं महत्त्व काही कमी होत नाही. इथे प्रत्यक्ष काय झालं ते सांगायला काय हरकत आहे?

दुसरी रेष हिरवी. १८६४ मध्ये हगिन्स यांनी एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला आणि ताऱ्यासारख्या रंगीत पट्ट्याऐवजी नुसत्या एकदोन तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, वायू आहे. पण सगळ्यात ठळक रेष, ५००.७ नॅनोमीटरची, कुणाच्याच यादीत नव्हती. लॉकियर यांचं म्हणणं पडलं, की ही मॅग्नेशियमची. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे. आता गंमत बघा. जळत्या मॅग्नेशियमच्या प्रकाशात त्या जागी असतो तो पट्टा : एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला पुसट होत गेलेला. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की तेजोमेघातली रेष दोन्ही बाजूंनी रेखीव आहे की एका बाजूने विस्कटलेली?

हे तपासणाऱ्यांमध्ये एक होते कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी कॉलेजात वेधशाळा उभी केली होती. तिथली डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली २० इंची दुर्बीण त्या काळात भारतातली सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाचं निरीक्षण करून नायगमवालांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं, की ही रेष कोणत्याही परिस्थितीत रेखीवच दिसते. अमेरिकेत कीलर यांची अचूक मापंही मॅग्नेशियमच्या विरोधातच गेली. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मास्तरांनी लंडनच्या दिग्गजाला निरीक्षणाने उत्तर दिलं, हे आपल्या फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये सांगायला हवं असं मला वाटतं.

मॅग्नेशियम बाद झालं, तेव्हा हेलियमच्या धर्तीवर 'नेब्युलियम' या नव्या मूलद्रव्याचं नाव रूढ झालं. पण आवर्त सारणी भरत आली तशी त्याला बसायला जागाच उरेना. १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडा केला : हा आपला साधा ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. यातली ही विशिष्ट उडी इतकी 'निषिद्ध' आहे, की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक ताटकळतो. एरवी अशा उड्या सेकंदाच्या कोट्यंशात होतात. खोलीतल्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २.५ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू असतात. तिथे अर्धा मिनिट कुणाची टक्कर न होता राहणं अशक्य. मृगातल्या तेजोमेघात तेवढ्या जागेत काही हजारच कण, म्हणून तिथे निवांत उडी मारता येते. तेव्हा रेष नुसतं नाव सांगत नाही, वायू किती विरळ आहे तेही सांगते.

आणि वेगही. विश्व प्रसरण पावताना प्रकाश ताणला जातो आणि रेषा तांबड्याकडे सरकतात. तरंगलांबी (१ + झेड) पटीने वाढते. झेड ७ असेल तर ५००.७ ची हिरवी रेष सुमारे ४ मायक्रॉनवर, अवरक्तात पोचते. जेम्स वेब दुर्बीण अशा दीर्घिकांत हीच रेष पकडते. २०२५ मध्ये तर आल्मा दुर्बिणींना झेड १४.१८ च्या दीर्घिकेत याच दोनदा आयनीभूत ऑक्सिजनची दुसरी रेष मिळाली. महास्फोटाला तीस कोटी वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा ऑक्सिजन. म्हणजे त्याआधीच ताऱ्यांची एक पिढी जळून गेली होती.

तिसरी रेष पुन्हा हिरवी, ५३०.३ वर. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत सूर्याच्या प्रभामंडलात दिसली. नाव तयारच : 'कोरोनियम'. १८९८ च्या ज्या ग्रहणाला लॉकियर विजयदुर्गावर होते, त्याच ग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून प्रभामंडलाचे वर्णपट टिपले. पण उत्तर मिळायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला. ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी दाखवलं, की हे लोखंड आहे, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं! एवढी सालं काढायची तर तापमान दहा लाख अंशांच्या वर हवं. सूर्याचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा. शेगडीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा हा प्रकार. प्रभामंडल इतकं तापतं कसं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्यासाठी आता ग्रहणाची वाट बघावी लागत नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावरचं एक उपकरण कृत्रिम ग्रहण करून नेमकी ही ५३०.३ ची रेष बघतं. ते बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केलं. कोडाईकॅनालची वेधशाळाही याच संस्थेकडे आहे. आणि १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होऊन पुण्याची वेधशाळा बंद झाली, तेव्हा ती २० इंची दुर्बीण पाठवली गेली ती कोडाईकॅनाललाच.