रानपिंगळ्याची खरी नोंद

विद्यार्थिमित्रहो, खोडाळा व सूर्यमाळ येथील रानांत पक्षिनिरीक्षणास जावयाचें तर हिवाळ्याची अखेर निवडावी. पानगळ झाल्यानें फांद्यांवरील पक्षी सहज दृष्टीस पडतात. पहाटे निघावें, वस्त्रें मातकट रंगाचीं असावींत, व बरोबर वही-पेन्सिल अवश्य असावी.

वही कशासाठीं, तें रानपिंगळ्याच्या कथेवरून कळेल. घुबडाच्या जातीचा हा लहान पक्षी दिवसाही शिकार करितो. साध्या पिंगळ्याप्रमाणें त्याच्या डोक्यावर ठळक ठिपके नसतात. १८८४ नंतर तो कोणास खात्रीनें आढळला नाहीं. माइनर्ट्झहागेन नामक संग्राहकानें १९१४ सालीं तो गुजराथेंतील मांडवी येथें मिळाल्याची चिठ्ठी एका नमुन्यास लाविली. परंतु तो नमुना दुसऱ्याचा, चोरलेला होता. त्या खोट्या चिठ्ठीमुळें शोधकांचे श्रम व्यर्थ गेले. ती बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारें पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ मध्यें शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा शोधून काढिला. २०१४ मध्यें तो आपल्या शेजारच्या तानसा अभयारण्यांतही दिसला.

म्हणून तारीख, वेळ, स्थळ व प्रत्यक्ष पाहिलें तेवढेंच लिहावें. शंका असल्यास तीही लिहावी. घरट्याजवळ मात्र जाऊं नये. आपली एक खरी ओळ पुढील शोधकास वाट दाखवील.