आदिवासी विद्यार्थी व वैद्यकीय प्रवेश : भंडारा जिल्ह्यापुरता विचार

शेळ्यामेंढ्या व गुरे राखणारे आणि इतर वनवासी जन औषधी नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. सुश्रुतांचेही म्हणणे असेच आहे. नामरूपाचे ज्ञान त्यांचे आणि योजनेचे ज्ञान वैद्याचे, ही वाटणी तेव्हापासूनची. अध्ययनाचा अधिकार सांगताना मात्र चरक तीन वर्णांपाशी थांबतात. शूद्रासही मंत्र व उपनयन वगळून शिकवावे, हे सुश्रुतसंहितेत केवळ 'काहींचे मत' म्हणून येते. वनवासी येतो तो माहितगार म्हणून, शिष्य म्हणून नव्हे.

साकोली, लाखनी, तुमसर भागातील गोंड व हलबा कुटुंबांशी आपला व्यवहार आजही बहुधा याच पातळीवर आहे. फार्मसीचालक मित्रांनी राग मानू नये. परंतु ज्याच्या हातचा बेहडा आपण पारखून घेतो, त्याच्या मुलीने अकरावीला कोणती शाखा घेतली याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

राज्यात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत. बी.ए.एम.एस.चा प्रवेशही आता 'नीट' परीक्षेतूनच होतो आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अभ्यासाची अडचण मोठी आहेच, पण तिच्याविषयी सर्वजण बोलतात. ज्या अडचणीविषयी कोणी बोलत नाही, ती आम्ही स्वतः चुकून शिकलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात सुट्टीत काम करणारा एक गोंड विद्यार्थी नीटमध्ये पात्र ठरला. पुस्तके व परीक्षा शुल्क यांची सोय आम्ही केली होती. त्याच्यापाशी जमातीचा दाखला होता. वैधता प्रमाणपत्र नव्हते. ही दोन भिन्न कागदपत्रे आहेत, हे आमच्या ध्यानात आले तेव्हा मुदत संपत आली होती. जागा गेली. तो बी.एस्सी.ला गेला व पुन्हा परीक्षेस बसला नाही. दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

पडताळणी इतकी कडक का, याचे एक उत्तर विदर्भातच आहे. १९८५-८६ मध्ये 'हलबा' म्हणून एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी निर्णय दिला : यादीतील 'हलबा' या नोंदीत 'हलबा-कोष्टी' वाचता येणार नाही. पंधरा वर्षे लोटल्यामुळे त्याची पदवी तेवढी राखली गेली. अमान्य दाव्यावर मिळालेले लाभ असे राखता येणार नाहीत, असे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. कोष्टी बांधवांची बाजू स्वतंत्र आहे. तिचा ऊहापोह येथे करीत नाही. आपल्यापुरता अर्थ इतकाच, की खऱ्या आदिवासी मुलालाही आता कागदानेच आपण कोण ते सिद्ध करावे लागते, आणि ज्याच्या घरी आजवर कागदच आला नाही त्याला ते सर्वांत जड जाते.

अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. आजोबा-पणजोबांची कोतवाल पंजीतील जन्म-मृत्यूची नोंद, शाळेतील दाखल-खारीज, जुने महसुली उतारे शोधावेत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यामुळे देवरी-सडक अर्जुनीकडील कुटुंबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा 'भंडारा' असा दिसतो, त्याने गोंधळू नये. प्रस्ताव अकरावी विज्ञानात नाव दाखल होताच महाविद्यालयामार्फत पाठवावा. बारावीच्या निकालाची वाट पाहणे म्हणजे वर्ष घालविणे होय.

प्रवेशानंतर साडेचार वर्षे अभ्यासक्रम व एक वर्ष आंतरवासिता. वसतिगृह न मिळाल्यास २०१६-१७ पासूनच्या 'पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्' योजनेची चौकशी करावी. पहिल्या वर्षाचे संस्कृत घरी गोंडी बोलणाऱ्या मुलास फार अवघड जाते. येथे निवृत्त वैद्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुरे. हे अशक्य नाही : हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये शाळा काढली आणि तिच्यातून शिकलेले माडिया तरुण पुढे डॉक्टर झाले.

यंदा आमच्याकडे हिरडा घेऊन येणाऱ्या एका गृहस्थांची मुलगी अकरावीत आहे. तिच्या पणजोबांची नोंद दोन फेऱ्यांनंतर कोतवाल पंजीत सापडली. जातीच्या रकान्यात 'गोंड' असे स्वच्छ लिहिले आहे. नक्कल मिळाली असून प्रस्ताव दाखल झाला आहे.