गाडी थांबते कशी? ब्रेकची तबकडी आणि पॅड

जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर नशिराबाद लागते. या रस्त्यावर ट्रक, एस.टी., जीपगाड्या धावतात आणि मधूनच एखादी बैलगाडी किंवा सायकल आडवी येते. अशा वेळी चालक पेडल दाबतो आणि गाडी थांबते. मग तिचा वेग गेला कोठे?

वेगात असलेल्या वस्तूजवळ गतिज ऊर्जा असते. तिचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. २००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ४,००,००० ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सव्वा लिटर पाणी उकळू लागेल! ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक तिचे उष्णतेत रूपांतर करतात.

बोलेरोसारख्या अनेक गाड्यांत पुढच्या चाकांना तबकडीचे आणि मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची तबकडी फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. पेडल दाबले की नळीतील ब्रेक-तेल दट्ट्याला ढकलते, दट्ट्या पॅड दाबतो आणि तबकडी चिमटीत सापडते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम येथे राबतो. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तबकडी-ब्रेकचे एकस्व १९०२ साली घेतले.

घर्षणाने पॅड झिजतो. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावा. थर पूर्ण संपला, तर पोलादी पट्टी तबकडीवर घासते, कर्कश आवाज येतो आणि तबकडीवर चरे पडतात. तबकडीचीही किमान जाडी ठरलेली असते. बहुधा ती तबकडीवरच कोरलेली असते. तबकडीची जाडी जागोजागी असमान झाली, तर ब्रेक लावताना पेडल थरथरते.

हे काम अनुभवी माणूस घरच्या अंगणातही करू शकतो. तुम्ही मात्र ते एकट्याने करू नका. शेजारी उभे राहून प्रत्येक कृतीमागचे कारण शोधा.

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करून मागील चाकांना ठोकळे लावतात. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करतात. चाक अधांतरी असले तर तेच फिरू लागेल.

२. जॅकने उचललेली गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

३. चाक काढून कॅलिपर सोडवतात आणि तारेने वर बांधून ठेवतात. तो रबरी नळीला लोंबकळला, तर नळी आतून फाटू शकते. ब्रेकची धूळ फुंकू नये; जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी.

४. जुनी तबकडी काढून हबवरचा गंज घासतात. गंजाची खपली राहिली तर नवी तबकडी डगमगत फिरेल. काही गाड्यांत तबकडी हब व बेअरिंगसह काढावी लागते. ते काम जाणकाराचेच. नव्या तबकडीवरील तेलकट लेप पुसून टाकतात, कारण तेलाने घर्षण कमी होते.

५. जाड पॅडना जागा मिळावी म्हणून दट्ट्या हळूहळू मागे ढकलतात. तेव्हा बॉनेटखालच्या डबीतील ब्रेक-तेल वर चढते. ते सांडू देऊ नये. रंग खराब होतो.

६. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदम बदलतात. नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. सारे बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळतात.

यानंतरची कृती विसरली तर प्राणावर बेतते. दट्ट्या मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जाते आणि ब्रेक लागत नाही! म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत वारंवार दाबावे, तेलाची पातळी पाहावी आणि मोकळ्या जागी अगदी कमी वेगात ब्रेक तपासावेत.

प्रयोग : सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक लहान व एक मोठी. पाणी भरून त्या नळीने जोडा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. लहान दट्ट्या दाबा आणि मित्राला मोठा दट्ट्या बोटाने अडवायला सांगा. कोणाला जास्त जोर लागतो? नंतर मुद्दाम थोडी हवा ठेवून पाहा. ब्रेकच्या नळीत हवा का चालत नाही, हे तुमच्या बोटांनाच कळेल.

गणित : धोका दिसल्यापासून पेडल दाबेपर्यंत १ सेकंद जातो आणि नंतर वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंदाने घटतो, असे माना. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सुमारे १७ मीटरांत थांबेल. ताशी ७२ ची मात्र सुमारे ४९ मीटरांत. आता ताशी ९० किलोमीटरचे उत्तर तुम्ही काढा आणि तेवढे अंतर शाळेच्या मैदानावर पावलांनी मोजून पाहा.