खरी परीक्षा

विद्यार्थ्यांनो, ‘पूर्णा नदी कोणत्या नदीस मिळते?’ या प्रश्नाचे ‘तापी’ हे उत्तर तुम्ही पाठ केले असेल. पण तेच उत्तर आज मोबाइलही क्षणात देतो. मग परीक्षा कोणाची झाली, तुमची की यंत्राची?

वऱ्हाडात, अमरावती व अकोला जिल्ह्यांत, पूर्णेच्या दोन्ही तीरांस खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील पुष्कळ विहिरींचे पाणी खारे असते. ते पिकांस सतत दिल्यास काळी जमीन बिघडते व तिच्यात पाणी मुरेनासे होते. आता प्रश्न असा : ‘विहिरीस पाणी आहे, तरी पीक कोमेजते; तुम्ही काय कराल?’ येथे घोकंपट्टी कामास येत नाही. पाणी तपासावे लागते, जाणत्या शेतकऱ्यांस विचारावे लागते, पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात किती साठेल याचा हिशेब करावा लागतो.

म्हणून पाठांतर टाकाऊ ठरत नाही. पाढे न येणाऱ्यास हा हिशेब कसा जमणार? पाठांतर हे बियाणे होय. परंतु शेतकऱ्याची पारख कणगीतल्या बियाण्यावरून होत नाही, शेतातल्या पिकावरून होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही हेच सांगितले आहे : मुलाला ज्ञान किती समजले व त्याचा उपयोग किती करता आला, याचे मूल्यमापन सातत्याने व्हावे.

स्वाध्याय : आपल्या गावच्या पाण्याविषयी, ज्याचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही, असा एक प्रश्न तयार करा व त्याचे उत्तर शोधा.